हात थांबू देऊ नका

१

सकाळचा पहिला चहा झाला की ताई टेबल पुसून घेई, प्रेसमधून आणलेल्या रद्द प्रुफांचे दोन कागद कोरी बाजू वर करून मांडी, आणि कोंबडीच्या आकाराचा किचन टायमर पिळून स्टीलच्या किटलीशेजारी ठेवी. मग समोर बसलेल्या धाकट्याकडे पाहून मान हलवी. दोघांची पेने एकदमच कागदाला टेकत.

नियम सोपे होते. रोज एक कविता. घंटी होईपर्यंत पेन उचलायचे नाही, खोडायचे नाही, मागे वळून वाचायचे नाही. काही सुचेनासे झाले तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असेच लिहीत राहायचे. घंटी झाली की कागद पालथा करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, आणि आव्हान पुरे होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. अशी आव्हाने हल्ली हौसेने पुष्कळ जण घेतात. या घरात मात्र ते हौसेने आलेले नव्हते.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. तो प्राथमिक शाळेत शिक्षक होता, आणि आई गेली त्या सकाळपासून एक शब्दही बोलला नव्हता. घसा, कान, मेंदू, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. कुठेच काही बिघडलेले नव्हते. शाळेने नवे सत्र सुरू होईपर्यंत त्याची जागा राखून ठेवली होती. त्यापुढे शाळा तरी काय करणार? न बोलणाऱ्या मास्तराला पहिलीच्या वर्गावर कोण उभे करील? बोलण्यावर उपचार करणाऱ्या, वाचोपचाराच्या बाईंनी सर्व उपाय करून पाहिल्यावर हा एक सुचवला. “अर्थ लागला नाही तरी चालेल,” त्या ताईला म्हणाल्या होत्या, “तुम्ही दोघांनी मिळून लिहा. फक्त हात थांबू देऊ नका.”

ताईला यात सर्वांत जड गेले ते न वाचणे. ती मुद्रितशोधक होती, आणि लिहिलेले काही समोर असताना ते न तपासणे तिच्या स्वभावात नव्हते. धाकटा बोलत होता तेव्हा म्हणायचा की ताईला स्वर्गात प्रवेश मिळाला, तरी ती आत जाण्याआधी दारावरच्या पाटीतली चूक दाखवील.

टेबलाला तीन खुर्च्या होत्या. ताईची पाठ पॅसेजकडे असे, धाकट्याची खिडकीकडे. तिसरी आईची. शेवटच्या काही महिन्यांत आईने एक चमत्कारिक गोष्ट केली होती: स्वतःची खुर्ची फरफटत नेऊन तिची पाठ भिंतीला भिडवली होती. तिच्यामागोमाग टेबलही तिरके ओढून घ्यावे लागले. विचारले तर म्हणाली, पाठ मोकळी राहिली की बरं वाटत नाही. ताईने पाठदुखीचे मलम आणून दिले. त्याच सुमारास आईने रोजचे शब्दकोडे सोडवायचे सोडले, आणि पुढे पुढे बोलणेही. वयापरत्वे माणूस अबोल होतो, अशी ताईने स्वतःची समजूत घातली होती. आई गेल्यावर खुर्ची तिथेच राहिली, आणि टेबलही तसेच तिरके.

पहिल्या आठवड्यात ताईने दोरीवरच्या कपड्यांवर, गळक्या नळावर, स्वल्पविरामांवर काय वाटेल ते लिहिले. धाकटा मान खाली घालून भराभर लिहीत असे. मग एका सकाळी घंटी झाली, ताईने पेन ठेवले, आणि धाकट्याचा हात चालूच राहिला. तिने हलकेच त्याच्या मनगटाला स्पर्श केला. त्याने वर पाहिले.

“अजून,” तो म्हणाला.

आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला होता, पण त्याचा होता. ताईला रडू आवरेना. कशाचे ‘अजून’, हे विचारायचेही तिला सुचले नाही.

२

त्याच दुपारी, धाकटा झोपलेला पाहून, तिने डबा उघडला. त्याचे अक्षर स्थिर झाले आहे का, एवढेच पाहायचे होते, असे तिने स्वतःला बजावले. आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते.

कागद ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने होते: एक तिचा, त्यावर एक त्याचा. तिने आपला कागद वाचला. कपडे, नळ, सुचत नाही, सुचत नाही, आणि शेवटी: *माझ्या मागे पॅसेज, पॅसेजमध्ये*. तिथे घंटी झाली असणार. तिने पुढचा, धाकट्याचा कागद उचलला.

*उभे राहिले की दिसते मान.*
*मानेवर तीळ, केसांच्या रेषेत.*
*ती लिहिते. तो लिहितो.*
*कोणी वळत नाही, हे बरे आहे.*

तिने पुढची जोडी काढली. तिच्या कागदाच्या तळाशी वाक्य अर्धे सुटले होते. त्याच्या कागदाच्या माथ्यावर ते पुरे झाले होते. त्याच्यापुढच्या जोडीतही तसेच. अक्षर दोघांचे वेगळे, शाई वेगळी, पण सांधा कुठे दिसेना. प्रत्येक दिवशी कोणीतरी पॅसेजमधून स्वयंपाकघर पाहत होते. एका जोडीत भिंतीवरचे स्विच आले होते, नंतरच्या जोडीत दाराची चौकट, आणि आजच्या जोडीत: *फरशी गार आहे. इथून पेनांचा आवाज नीट येतो.*

ताई घाईने निष्कर्ष काढणारी नव्हती. एकाच घरात वाढलेली दोन भावंडे एकाच टेबलाशी बसून लिहितात, तेव्हा शब्द जुळणारच, असा तिने विचार केला. आपण काय लिहिले ते आठवत नाही, हेही साहजिक होते. या पद्धतीचा उद्देशच तो. मानेवरच्या तिळाचे म्हणाल, तर धाकट्याने तो लहानपणी पाहिला असेल.

मग ती न्हाणीघरात गेली, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली, आणि हातातल्या छोट्या आरशात आपली मान पाहिली. तीळ होता. केसांच्या रेषेत, अगदी आत. केस बाजूला केल्याशिवाय दिसत नव्हता.

३

प्रेसमध्ये ताईच्या शेजारी अण्णा बसत. मुद्रितशोधनात त्यांचे आयुष्य गेले होते आणि चष्म्याच्या काचा दरसाल जाड होत गेल्या होत्या. कवितेचे कळल्यावर त्यांनी तिची मनसोक्त टिंगल केली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्यांनी स्वतः चुका करू नयेत, धंद्याची रीत मोडते, असे ते म्हणाले. ताईही हसली. मग तिने सहज विचारल्यासारखे विचारले की मजकुरात एखादी जागा अशी आली, की ती कोणाच्या तोंडची आहे तेच कळत नाही, तर काय करावे.

हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला होता. शंका आली की तांबड्या पेन्सिलीने समासात लेखकाला प्रश्न टाकायचा, ‘स्पष्ट करावे’ असे लिहून खाली रेघ मारायची, आणि प्रूफ परत पाठवायचे. पण अण्णांनी आधी चष्मा काढून पुसला.

“लेखक कोण ते ठाऊक असल्याशिवाय समासात प्रश्न टाकू नये, ताई,” ते म्हणाले. “उत्तर आलं, की ते छापावं लागतं.”

दुसऱ्या सकाळी ताईने नियम मोडला. लिहिता लिहिता तिने पेन उचलले आणि कागदापासून बोटभर वर धरून ठेवले. तिला फक्त ऐकायचे होते.

टायमरची टिकटिक होती. फ्रिजची घरघर होती. समोर धाकट्याचे पेन कागदावर करकरत होते. त्याची एक लय होती, ओळीच्या शेवटी किंचित अडखळणारी. आणि त्या अडखळण्यात, जिथे शांतता असायला हवी होती तिथे, आणखी एक करकर होती. ती अडखळत नव्हती.

ताईने डोके वळवले नाही. का वळवले नाही, याचे कारण तिने पुढे स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हांनी देऊन पाहिले. त्या क्षणी मात्र तिने पेन पुन्हा कागदाला टेकवले आणि ‘सुचत नाही, सुचत नाही’ लिहीत सुटली. तिचे पेन चालू झाल्यावर तिसरा आवाज त्यात मिसळून गेला, आणि तेच तिला सहन होण्यासारखे वाटले.

४

धाकटा सुधारत होता, हे मान्य करावेच लागे. ‘अजून’च्या मागून ‘चहा’ आला, मग ‘ताई’, मग लहान लहान वाक्ये. तो वर्तमानपत्राचे मथळे मोठ्याने वाचू लागला. एका सकाळी त्याने कपाला ओठ लावले, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, “ताई, साखर सुटली आहे. समासात लिहू का?” ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या हसण्यासाठी ती कितीही कागद खरडायला तयार होती.

आईची खुर्ची मात्र अधूनमधून भिंतीपासून वीतभर पुढे आलेली दिसे. ताई ती मागे ढकलून ठेवी. फरशीला उतार असेल. उतार पाहण्यासाठी तिने फरशीवर एक गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही.

डबा ती आता रोज दुपारी उघडत होती. एका दिवशीचा सांधा असा होता:

*आता बसायला जागा झाली.*
*डावीकडे तिचा गाल, उजवीकडे त्याचा.*
*मागे भिंत आहे. भिंतीचे काही नाही.*
*यांचे हात चालतात तोवर मलाही हात आहेत.*

दुपारची वेळ होती, खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होते, डोळे सकाळभराच्या प्रुफांनी शिणले होते. ताईच्या हातात प्रेसमधून चुकून आणलेली तांबडी पेन्सिल होती. ‘मलाही’तल्या ‘मला’भोवती वर्तुळ पडले. समासापर्यंत रेघ गेली. समासात लिहिले गेले: *‘मला’ म्हणजे कोणाला? कोण? स्पष्ट करावे.* खाली सवयीने रेघही मारली गेली.

मग आपण काय केले ते तिच्या लक्षात आले.

तिने खोडरबर घेऊन घासले. तांबडी पेन्सिल खोडून जात नाही. ती नुसती पसरते. समासभर गुलाबी डाग पडला आणि अक्षरे त्यातून पहिल्यापेक्षा ठळक दिसू लागली.

५

ताईने वाचोपचाराच्या बाईंना फोन केला. कारण सांगता येण्याजोगे नव्हते, म्हणून दमणूक सांगितली, प्रेसमधली कामे सांगितली, काही दिवस लिहिणे बंद ठेवले तर चालेल का असे विचारले. बाई चांगल्या होत्या आणि तिच्याविषयी त्यांना खरी काळजी होती. पण चालू गाडीला आता खीळ घालू नका, असे त्यांनी निक्षून सांगितले. शाळा उघडायला फार दिवस उरलेले नव्हते.

तरीही एका सकाळी ताईने लबाडी केली. हात चालवला, पण पेनाचे टोक कागदाला लागू दिले नाही. घंटी झाल्यावर कोरा कागद पालथा करून डब्यात टाकला. त्या दिवशी धाकट्याने जेवताना काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि ते उघडेच राहिले. ओठ हलत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. शब्द जिथून यायचा ती जागाच कोणी काढून घेतल्यासारखा तो स्वतःचा गळा चाचपत होता. ताईला ते पाहवेना.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा लिहिले. पानभर लिहिले, समास न सोडता. त्याचा आवाज परत आला.

आवाज आल्यावर मात्र तिने त्याला विचारले. आजवर तो बोलत नव्हता म्हणून विचारता आले नव्हते, आणि बोलू लागल्यावर धीर झाला नव्हता. आईचे काय झाले होते? धाकटा कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याने हातातली घडी पुरी केली.

“ती कोडं सोडवत बसली होती,” तो म्हणाला. “मी समोर वह्या तपासत होतो. दोघांचीही पेनं चालू होती. मधेच तिनं मान वर न करता विचारलं, दोघांपैकी कोण, तू की मी? मला वाटलं, दूध आणायला कोण जाणार. मी म्हटलं, तूच.”

“मग?”

“मग तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. आणि काहीतरी लिहिलं.” त्याने उशीचा अभ्रा उगाचच पुन्हा उलगडला. “दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची भिंतीला लावली. शेवटच्या सकाळी मी तिला विचारणार होतो, काय विचारलं होतंस म्हणून. विचारायला तोंड उघडलं, तर ती गेलेली होती. आणि मला आवाज नव्हता.”

ताईने अभ्रा त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः घडी घातली. डब्यातल्या तांबड्या प्रश्नाबद्दल तिने त्याला सांगितले नाही. सांगायला हवे होते का, याचा विचार करायला तिला नंतर पुष्कळ वेळ मिळाला.

६

शाळा उघडण्याच्या आदल्या सकाळी दोघे नेहमीप्रमाणे बसले. धाकट्याचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलेला होता. पहिल्या दिवशी मुलांना कोणती गोष्ट सांगायची, हे तो चहा पिता पिता पाठ करत होता. हे शेवटचे लिहिणे, उद्यापासून टायमर माळ्यावर, असे ताईने मनाशी ठरवले होते.

पेने टेकली. बराच वेळ सारे नेहमीसारखे चालले. मग तिला जाणवले की आपला हात ओळीवर नाही. तो समासात गेला आहे आणि तिथे सावकाश, सुवाच्य, प्रेसमधल्या वळणाने काही लिहीत आहे. शाई निळीच होती, तिच्या पेनाची. पेन तिच्याच बोटांत होते.

*आपला प्रश्न मिळाला. आधी खुलासा हवा. दोघांपैकी कोण? घंटी होण्यापूर्वी स्पष्ट करावे.*

आणि खाली रेघ.

तिने मान वर केली. धाकटाही त्याच क्षणी वर पाहत होता. त्याच्या कागदाच्या समासात काय होते ते तिला दिसत नव्हते, पण त्याचा चेहरा दिसत होता, आणि तेवढे पुरे होते. टायमरची कोंबडी हळूहळू तोंड फिरवत शेवटाकडे येत होती. दोघांचेही हात थांबले होते. करकर थांबली नव्हती.

ताईने तिसऱ्या खुर्चीकडे पाहिले नाही. तिने किटलीकडे पाहिले. किटलीच्या फुगीर पोटात अख्खे टेबल वाकडे होऊन मावले होते: एका कडेला ती, दुसऱ्या कडेला तो, आणि मध्ये, भिंतीच्या बाजूला, कागदावर ओणवलेली एक मान. मान फार लांब होती. स्टीलमध्ये सगळेच लांब दिसते. ती मन लावून लिहीत होती आणि त्यांच्या उत्तरासाठी वर पाहण्याची तिला गरज वाटत नव्हती.

धाकट्याने तोंड उघडले. तो काय म्हणणार हे ताईला कळले. लहानपणी काचेचे भांडे तिच्या हातून फुटले तरी दोष आपल्यावर घ्यायला पुढे होणारा तोच. पण तोंडाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि तिचे पेन कागदावरच टेकलेले होते. तिला एकच अक्षर लिहायचे होते.

*मी.*

घंटी वाजली.

काही झाले नाही. नळ गळत होता. खिडकीतून ऊन येऊन अर्ध्या टेबलावर पडले होते. धाकटा उठून तिच्याजवळ आला आणि “ताई, ताई, काय लिहिलंस?” असे विचारू लागला; आवाज खणखणीत होता, पहिल्यापेक्षाही चांगला. काही नाही रे, असे ताई म्हणाली. निदान तिला तसे वाटले. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळले की त्याला काही ऐकू आलेले नाही.

७

धाकटा शाळेत रुजू झाला. मुलांना तो आवडतो. त्याने गोष्ट सांगितली की शेजारच्या वर्गातली मुलेही गप्प होतात, असे मुख्याध्यापिकांनी मुद्दाम घरी येऊन सांगितले. टायमर त्याने पुलावरून पाण्यात टाकला. डबा जाळला. घरातली पेने, पेन्सिली, खडूसुद्धा, त्याने एका पिशवीत भरून शाळेच्या कपाटात नेऊन ठेवले. ताईची खुर्ची मात्र त्याला पूर्वीच्या जागी ठेवता आली नाही. तो ती टेबलाशी आणून ठेवी, आणि ताई पुन्हा ती फरफटत आईच्या खुर्चीशेजारी नेऊन भिंतीला पाठ लावून बसे. मागे काही मोकळे राहिले की तिला बरे वाटत नसे. आईलाही यापेक्षा वेगळे काही सांगायचे नव्हते, हे तिला आता कळले होते; आणि मलम पाहून आईने काय म्हटले असेल, याचीही तिला कल्पना आली होती.

एका सुटीच्या दुपारी वाचोपचाराच्या बाई आल्या. ताईची वाचा गेल्याची हकीकत कळल्यावर त्या मनापासून हळहळल्या होत्या. भावाला ज्याने गुण आला तोच उपाय बहिणीलाही लागू पडेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. येतानाच त्यांनी कोरे कागद आणि एक नवे पेन आणले होते. धाकटा नको म्हणाला. का नको, ते त्याला सांगता येईना. सांगून पाहिले असते, तर बाईंनी त्याचेही नाव पुन्हा आपल्या यादीत घातले असते. बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटले, टेबलावर कागद मांडले आणि पाणी प्यायला ओट्याकडे वळल्या.

धाकटा ताईसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. हात गार होते. तो ते चोळत राहिला.

बाईंनी पेला भरला. नळ बंद केला. त्या शांततेत त्यांच्या पाठीमागे पेनाची करकर सुरू झाली.

“ऐकलंत?” त्या न वळताच म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. “मी म्हटलं नव्हतं? लागल्या लिहायला. छान. आता हात थांबू देऊ नका.”

धाकट्याने आपल्या मुठीतल्या ताईच्या हातांकडे पाहिले. मग त्याने तोंड उघडले. ताईने सारे बळ एकवटून त्याची बोटे दाबली आणि मान हलवली: नको. घरात आता एकच जण बोलता उरला होता. पुढचा प्रश्न आला, तर त्यात दोघांपैकी कोण, असे विचारावे लागणार नव्हते.

त्याने ओठ मिटून घेतले. मग तोही तिच्या बाजूला सरकला, आणि भिंतीला पाठ लावून दोघे बसून राहिले. करकर ओळीमागून ओळ पुढे जात होती, आणि लिहिणाऱ्याला कुठेही अडत नव्हते.